चाळिसावं पोतं

गळ्याशपथ सांगतो, ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. म्हणजे, शंभर म्हटलं तर जरा जास्तच होतंय. नव्वद धरा. पाच टक्के ज्यानं मला सांगितली त्यानं घातले असतील, पाच माझे असतील. कुठले पाच कुणाचे ते आता मलाही सांगता यायचं नाही, तेव्हा सगळीच खरी समजून ऐका. भांडण नको.

खुर्ची नको रे मला. खुर्चीत तू बस, चष्मेवाल्या. मी आपला या कोपऱ्यात बरा. रोज इथेच बसतो मी. माझ्या पँटीला मागून ओला डाग असतो आणि त्यावरून तुम्ही तिघं पाठीमागे काय काय बोलता ते माझ्या कानावर आलंय. म्हातारपण आहे, चालायचंच, म्हणता. चालायचंच. पॅनलवर लक्ष ठेवा तेवढं. लेव्हल किती? सत्तर? छान. म्हणजे पाणी येतंय. मीटरभर झालं की पहिला पंप आपोआप लागेल. तोवर आपल्याला उद्योग नाही.

तर माझ्या ओळखीचा एक सुपरवायझर होता. हे पंपिंग स्टेशन बांधलं ना, तेव्हा कंत्राटदाराकडून इथे कामावर होता. अकरा वर्षं झाली. रविवार होता, तारीख अठरा, रात्रीचे सव्वाअकरा. जेवण झालं होतं. त्यानं टॉर्चमध्ये नवे सेल घातले, गमबूट पिशवीत घातले आणि निघाला. बायकोनं विचारलं, एवढ्या रात्री कुठे. तो म्हणाला, साइटवर जरा साफसफाई करून येतो. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि बावीस वर्षांत त्यानं घरात झाडूला हात लावला नव्हता. ती म्हणाली, "मग इथूनच सुरुवात करा की." तो हसला. हसला म्हणजे, दात दाखवले. चार दिवस झाले, त्याच्या तोंडाला चव नव्हती.

आता कसली साफसफाई, ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

आपल्या पायाखाली हा संप आहे. पावसाचं पाणी साठतं ती विहीर. समोरच्या गल्लीतलं सगळं पाणी एका मोठ्या पाइपातून या संपात येतं आणि इथून पंप ते उचलून नदीत फेकतो. पाइप केवढा, तर माणूस कमरेत वाकून आत चालेल एवढा. आता संप बांधायचा म्हणजे तो कोरडा पाहिजे. आणि पाइप तर आधीपासून वाहता. मग काय करायचं? पाइपाच्या तोंडाला बूच मारायचं. रेतीची पोती एकावर एक रचायची, फटी चिकणमातीनं लिंपायच्या. सगळीकडे असंच करतात. काम झालं की बूच काढायचं. त्यात काही अक्कल लागत नाही. लक्षात ठेवावं लागतं, बस.

पोती होती चाळीस.

एवढा नेमका आकडा मला कसा माहीत? गोदामकाकांमुळे.

गोदामकाका म्हणजे या समोरच्या गल्लीतले, चौथ्या घरातले. सगळी हयात एका धान्याच्या गोदामात पोती मोजण्यात गेली. रिटायर झाले आणि मोजायला काही उरलं नाही. घरात काकू एकट्या, त्यांना किती वेळा मोजणार? मग समोर हे काम निघालं. काकांना लॉटरीच लागली. सकाळी नऊला गेटपाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून बसायचे ते संध्याकाळी सुट्टी होईपर्यंत. खिशात खडू. काय आत गेलं, काय बाहेर आलं, सगळं गेटच्या खांबावर, छपराखाली. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मजूर त्यांना बिनपगारी साहेब म्हणायचे. सुपरवायझरला सुरुवातीला वैताग आला, मग सवय झाली, मग एक दिवस काका सर्दी होऊन घरी राहिले तर चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. दुपारचा डबा दोघं एकत्र खायला लागले. काका त्याला "बाबा रे" म्हणायचे. "बाबा रे, आज सिमेंटच्या दोन गोण्या कमी उतरल्या." आणि खरंच कमी असायच्या.

पोती आत गेली त्या दिवशी काकांनी खांबावर लिहिलं, आत. खाली आठ जुडगे. पाच आठे चाळीस. शेजारी लिहिलं, बाहेर. खाली मोकळी जागा ठेवली.

ती मोकळीच राहिली.

झालं असं, उद्घाटनाची तारीख अलीकडे आली. वरचे साहेब म्हणाले, आत्ता बूच काढलं तर गटाराचं घाण पाणी आत येईल, नव्या रंगाची वाट लागेल, पाहुण्यांना वास येईल. तेव्हा पाहुणे येऊन जाऊ देत, मग काढा. पण पंप तर चालवून दाखवायचा. मग बारा टँकर मागवले. स्वच्छ, पिण्याचं पाणी. ते संपात ओतलं, बटण दाबलं, पंपानं सगळं पाणी अकरा मिनिटांत नदीत फेकलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुरापासून शहर वाचवणारं स्टेशन, आणि पाणी विकत आणून चालवलं. तू हसतोस. सगळेच हसले होते तेव्हा. चांगला दिवस होता तो.

त्याच दिवशी चेकलिस्टवर सही द्यायची होती. सतरा कलमं. चौदावं कलम, तात्पुरतं बूच काढलं. सुपरवायझरच्या एका हातात पेढा होता. दुसऱ्या हातानं त्यानं सतराच्या सतरा कलमांवर बरोबरच्या खुणा केल्या. उद्या काढायचंच आहे, मग आज खूण केली तर काय बिघडलं? आणि दुसऱ्या दिवशी मजुरांची टोळी दुसऱ्या साइटवर गेली. तिसऱ्या दिवशी तो स्वतः आजारी पडला. चौथ्या दिवशी... चौथ्या दिवशी कागदावर बूच निघालेलं होतं. कागद रोज डोळ्यांसमोर असतो, पाइप काय कोण बघतंय.

काकांनी मात्र विचारलं. आठवड्यानं आले, खांबाकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "बाबा रे, पोती बाहेर आलेली मी पाहिली नाहीत."

सुपरवायझर म्हणाला, "रात्री काढली काका. तुम्ही झोपला होता."

एवढंच. तोंडातून निघून गेलं. आपण नाही का म्हणत, निघालोच, पोचतोच, दोन मिनिटांत. तसं. काका जरा खट्टू झाले. आपण झोपलो आणि चाळीस पोती चुकली याचं त्यांना वाईट वाटलं. म्हणाले, बरं, मग मी खांबावर लिहीत नाही. न बघता लिहायचं नाही. आणि घरी जाऊन त्यांनी गल्लीत सगळ्यांना सांगितलं की आता खालचं सामान वर चढवायची गरज नाही, स्टेशन तयार आहे, माझा माणूस आहे तिथे.

लेव्हल बघा रे. ऐंशी? हं.

तीन आठवड्यांनी, चौदा तारखेला, बुधवारी रात्री पाऊस लागला. साधा नाही. दहा वाजल्यापासून आभाळ फाटल्यासारखा. कंत्राटदारानं सुपरवायझरला वर्षभर इथेच देखरेखीला ठेवलं होतं, तेव्हा त्या रात्री तो या केबिनमध्ये एकटा. पंप ऑटोवर. पॅनलवर लेव्हल किती? शून्य. अकराला शून्य. बाराला शून्य. त्याला पहिल्यांदा बरं वाटलं. एवढ्या पावसातही स्टेशन कसं कोरडं ठणठणीत! मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पुराचं स्टेशन कोरडं असून कसं चालेल? गावातलं सगळ्यात कोरडं ठिकाण पंपिंग स्टेशन असेल, तर पाणी गेलं कुठे?

तेवढ्यात गेट वाजलं.

छत्रीच्या मुठीनं कोणीतरी गेटच्या पत्र्यावर मारत होतं. ठक. ठक. ठक. त्यानं या इथल्या खिडकीतून पाहिलं. एक वाजून दहा मिनिटं झाली होती. गेटबाहेर काका. छत्री उलटी झालेली. गुडघ्याच्या वर पाणी. ओरडत होते, पण पावसात ऐकू येत नव्हतं. एकच शब्द येत होता. पोती. पोती काढा, पोती.

आता नीट ऐका. त्या वेळी पोती काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. पलीकडे गल्लीभर पाणी तुंबलेलं. एक पोतं हललं असतं तर तो स्वतः कागदासारखा उडाला असता. त्यामुळे त्यानं पोती काढली नाहीत यात त्याचा दोष नाही. हे त्यानं स्वतःला फार वेळा सांगितलंय. मलाही सांगितलंय.

पण त्यानं काय केलं माहितीये?

त्यानं लाइट बंद केली.

हे इथलं बटण. दाबलं, आणि अंधारात खाली बसून राहिला. या कोपऱ्यात. का? त्याला विचारलं तर म्हणतो, लाज वाटली. गेट उघडलं असतं तर काकांच्या तोंडाकडे बघावं लागलं असतं. बाकी काय होतं? म्हाताऱ्याला आत घ्यायचा, टेबलावर बसवायचा, टॉवेल द्यायचा. पंप नाही चालला तरी पहाटेपर्यंत म्हातारा कोरडा तरी बसला असता. पण नाही. लाइट बंद.

दहा मिनिटं वाजत होतं गेट. मग... थांबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काका सापडले. गल्लीच्या तोंडाशी जे चेंबर आहे ना, जिथून पाइप सुरू होतो, त्यात. झाकण पाण्यानं उचललं की काकांनीच काढलं, ते कुणालाच माहीत नाही. छत्री तेवढी चेंबरच्या कडीत अडकून उभी होती. बाकी गल्लीत माणसं वाचली. सामान सगळ्यांचं गेलं. खालीच होतं ना.

शुक्रवारी सुपरवायझर काकूंना भेटायला गेला. सांगून टाकायचं, असं ठरवून गेला होता. काकू ओल्या भिंतीला पाठ लावून बसल्या होत्या. त्याला बघून त्यांनीच बोलायला सुरुवात केली. म्हणाल्या, "रात्री हे तुमच्याकडे येऊन परत आले होते. म्हणाले, लाइट बंद आहे, बाबा नाहीये तिथे. असता तर उघडलं असतं त्यानं. मीच जाऊन बघतो."

आणि मग परत बाहेर पडले.

त्यानं पाणी मागितलं, प्यायला आणि उठून आला.

शनिवारी वरच्या साहेबांचा फोन. सोमवारी दहाला चौकशी समिती येतेय, संपात उतरणार आहे. गल्लीतलं पाणी, पाइपातलं पाणी सगळं उपसून झालंय. तू रविवारी रात्री जाऊन जरा साफसफाई करून ठेव. पोती हा शब्द साहेबांनी उच्चारला नाही. साहेब म्हणतात कुणाला? जो शब्द उच्चारत नाही त्याला.

तर ही साफसफाई.

बारा वाजता तो खाली उतरला. लोखंडी शिडी, अठ्ठावीस पायऱ्या. तळाशी घोट्याएवढा चिखल. टॉर्च भिंतीच्या कोनाड्यात ठेवला, आणि पाइपाच्या तोंडात शिरला. बूच जसंच्या तसं. माती फुगून काळी पडलेली. वरचं पहिलं पोतं ओढलं. पंचवीस किलो, ओलं झाल्यावर पस्तीस. मागे नेऊन टाकलं. तोंडानं म्हणाला, एक. म्हणायचं काही कारण नव्हतं. काकांबरोबर राहून लागलेली सवय.

दोन. तीन. चार.

सात झाली तेव्हा त्याला आवाज आला. पोतं ओढल्याचा. खरर्र... आणि धप्प.

तो थांबला. आवाज थांबला.

त्याला वाटलं, प्रतिध्वनी. पाइप आहे, घुमणारच. त्यानं आठवं ओढलं. खरर्र, धप्प. पलीकडून, खरर्र... धप्प. हां, प्रतिध्वनीच. त्यानं घाम पुसला. नवव्या पोत्याला हात घातला, अजून ओढलंही नव्हतं...

खरर्र.

प्रतिध्वनी मागून येतो, पोरांनो. हा आधी आला.

कोणीतरी बुचाच्या पलीकडून पोती काढत होतं.

पळून का नाही गेला, म्हणतोस? चांगला प्रश्न आहे. मीही विचारला होता. तर म्हणे, आधी वाटलं साहेबांनी पलीकडूनही माणूस लावला असेल. काम लवकर उरकायला. माणसाला नोकरी एवढी लागलेली असते बघ, भूत समोर आलं तरी आधी वाटतं ऑफिसनं पाठवलं असेल.

त्यानं हाक मारली. कोण आहे?

काही नाही.

त्यानं पोती ओढली. काय करणार? सकाळी समिती. दहा. अकरा. पलीकडचाही थांबत नव्हता. संथ. म्हाताऱ्या माणसासारखा. एक ओढायचा, मग दम घ्यायचा. मग एक बारीक आवाज यायचा, भिंतीवर काहीतरी घासल्याचा.

खडू.

पंधरा. सोळा. टॉर्च पिवळा पडला. नवे सेल होते.

सतरा.

अठरा.

एकोणिसावं ओढलं, आणि वरती फट पडली. हाताएवढी. पलीकडून गार वारा आला. वास आला. ओल्या छत्रीचा.

फटीतून कोणीतरी विचारलं. हळू. दम लागलेल्या आवाजात.

"किती झाली, बाबा?"

...

त्याच्या तोंडातून निघून गेलं. "एकोणीस."

...

"माझी एकवीस."

...

टॉर्च गेला.

पुन्हा लागला तेव्हा समोर बूच नव्हतं. पाइप सरळ, मोकळा, चेंबरपर्यंत. पलीकडे कोणी नाही. आणि ती एकवीस पोती... तीही नाहीत. एकही नाही. चिखलात ओढल्याची खूणसुद्धा नाही.

लेव्हल? नव्वद. येऊ दे, येऊ दे. आपोआप लागतो तो.

आता दुसरा कोणी असता तर जागच्या जागी आडवा झाला असता. या पठ्ठ्यानं काय करावं? आपली एकोणीस पोती साखळीच्या कप्पीनं वर घेतली, मागच्या राडारोड्याच्या खड्ड्यात टाकली, संप धुतला, हात धुतले आणि घरी निघाला. माणूस घाबरला की नीटनेटका होतो.

घरी पोचला तेव्हा पाच वाजायला दहा कमी. दुसरा मजला. जिना काळोखा, अंगावरचे कपडे चिखलानं कडक झालेले. वर आला आणि पाहतो तर...

दाराला बूच.

एकवीस पोती. उंबऱ्यापासून कडीपर्यंत, एकावर एक. फटी चिकणमातीनं लिंपलेल्या. त्याचीच पद्धत. त्याच्याच हातची असावीत अशी.

दाराच्या वरच्या झरोक्यातून उजेड येत होता. आत लाइट चालू होती. म्हणजे बायको जागी. त्यानं पोत्यांवरून हात घालून दार वाजवलं. अगं, ऐकतेस का? दार वाजव आतून. ठीक आहेस ना? त्यानं पुन्हा वाजवलं.

ठक. ठक. ठक.

आणि आतली लाइट बंद झाली.

तो तिथेच उभा राहिला. अंधारात. ओल्या कपड्यांत. बाहेर उभं राहून आतली लाइट जाताना पाहिली त्यानं. किती वेळ, त्याला माहीत नाही. दहा मिनिटं असतील.

मग त्यानं पोती काढायला घेतली. आता मोजलं नाही. मध्येच वरच्या मजल्यावरचे शेजारी पहाटेच्या फेरीला निघाले होते, ते उतरता उतरता थांबले. विचारू लागले की दुसऱ्या मजल्यापर्यंत येणार आहे का पाणी. हा पुढचं पोतं ओढत होता. शेजारी म्हणाले, "बरोबर, तुमचं खातंच ते. तुम्हाला आधी कळणार." आणि फिरायला न जाता परत वर गेले. संध्याकाळपर्यंत त्या इमारतीत चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांनी दाराशी पोती लावली होती. ही खोटी नाही, शंभर टक्क्यांतली गोष्ट आहे.

दार उघडलं. बायको गाढ झोपलेली. त्यानं हलवून उठवलं. लाइट का बंद केलीस, म्हणाला. ती डोळे चोळत म्हणाली, "कसली लाइट? तुम्ही गेलात आणि पाच मिनिटांत बिल्डिंगची लाइट गेली. ती अजून आली नाही."

दहा वाजता तो समितीसमोर गेला. एकवीस पोती टेंपोत घालून. आणि तिथे त्यानं सगळं सांगितलं. चौदावं कलम मी न बघता भरलं. बूच काढलं नव्हतं. काल रात्री काढलं. ही बघा पोती. समितीत तिघं होते. त्यांनी पोत्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग खाली उतरून पाइप पाहिला. पाइप आरशासारखा स्वच्छ. कागद पाहिला. कागदावर बूच काढलेलं. प्रत्यक्षातही काढलेलं. साहेब म्हणाले, फार ताण घेतलाय हो त्यानं, त्या म्हाताऱ्याशी ओळख होती ना. समितीनं मान हलवली. एक जण त्याला म्हणाला, रेतीची पोती कुठेही मिळतात, घरी जा, आराम करा. आठ दिवसांची भरपगारी रजा दिली. अहवालात लिहिलं, अभूतपूर्व पाऊस.

गुन्हा कबूल करायला गेला, तर घेणारं गिऱ्हाईकच नाही.

आणि एक सांगायचं राहिलं. लाइटचं त्यानं समितीलाही सांगितलं नाही. चेकलिस्टवर सतरा कलमं होती. लाइटचं कलम नव्हतं.

साहेब जाता जाता म्हणाले, ती पोती टाकून दे मागे. त्यानं एक एक करून खड्ड्यात टाकली. शेवटचं उचललं, तेव्हा सहज गेटच्या खांबाकडे नजर गेली. आत, चाळीस. आणि बाहेर... इतके दिवस मोकळं होतं तिथे ताज्या खडूच्या रेघा. सात जुडगे, आणि चार सुट्या. एकोणचाळीस.

चाळिसावं त्याच्या हातात.

ते पोतं टाकलं की हिशोब पुरा. काका खडू खिशात घालणार, खुर्ची उचलणार आणि जाणार. मग ही गोष्ट माहीत असलेलं कोणी उरणारच नाही. त्यानं ठरवलं, आधी काकूंना लाइटचं सांगायचं, मग टाकायचं. पुढच्या रविवारी.

म्हणून मग ठेवलं.

पुढचा रविवार कुठला, म्हणतोस? अरे, अकरा वर्षांत रविवार काय कमी आले? पाचशेच्या वर आले. काकू आहेत अजून. चौथं घर. तुम्ही ड्युटीवर येताना दारात बसलेल्या असतात ना, जाता येता विचारतात, बाबा आहे का आत? त्याच. त्यांना वाटतं, काकांचा एवढा माणूस होता, म्हणून नोकरी सोडून पंप ऑपरेटर होऊन इथेच राहिला.

कोण राहिला, म्हणतोस?

...

पॅनलकडे बघ, माझ्याकडे नको बघू.

...

बरं. बघ. टॉर्च मार इथे. हो, माझ्या खाली. पोतंच आहे. प्लास्टिक फाटलं, वरून दोनदा दुसरं चढवलं. उन्हात ठेवून झालं. हीटरपुढे ठेवून झालं. एका उन्हाळ्यात महिनाभर पत्र्यावर टाकलं होतं, पत्रा गंजला. हात लाव. लाव की. ओलं आहे ना? अकरा वर्षं झाली. माझ्या पँटीवरून हसत होता ना तुम्ही... हसा आता.

मीटर झाला? लागला बघ पंप. ऐका कसा घुमतोय.

हं. चला. गोष्ट झाली. गोष्ट फुकट नसते, मोल काढा. पैसे ठेव खिशात, चष्मेवाल्या, चहा तर तू उद्या पाजशीलच. पंप लागला तरी पाइप डोळ्यांनी बघून यायचा, हा माझ्या पाळीचा नियम आहे. शिडीच्या मधल्या कट्ट्यापर्यंत उतरायचं, तिथून टॉर्च मारायचा, पाणी मोकळं येतंय का बघायचं. तिघंही जा. न बघता सही करायची नाही.

आणि खाली कोणी विचारलं, किती झाली बाबा... तर घाबरू नका. एकोणचाळीस म्हणा. चाळिसावं कधी, असं विचारलं तर सांगा, म्हातारा उद्या सकाळी जातोय काकूंकडे, नक्की जातोय.

...

नाही. नको. तेवढं नका सांगू.

नुसतं एकोणचाळीस म्हणा.